पायाशी गाठ

केंद्राच्या पहिल्या मजल्यावर गुरुवारी दुपारी मोठ्या माणसांचे तीन वर्ग एकाच वेळी भरायचे, आणि मधल्या भिंती नुसत्या फळ्यांच्या असल्यामुळं एकाचं दुसऱ्याला सगळं ऐकू जायचं. डावीकडं इतिहासाचा वर्ग. तिथं एक निवृत्त मोजणीदार जुने नकाशे पसरून कुठला नाला कुणी बुजवला ते असं तावातावानं सांगायचा, की जणू त्याच्याच घरातून वाहत होता. उजवीकडं श्वासाचा वर्ग. "आत घ्या... धरा... सोडा." आणि मधल्या खोलीत मावशीचा पुस्तकबांधणीचा वर्ग, शिजवलेल्या सरसाच्या वासाचा. श्वासवाल्यांनी तर रीतसर तक्रार केली होती, की आत घ्या म्हटलं की नेमका तोच आत जातो. मावशी म्हणाली, "घ्या की. हाडांचा सरस आहे, झाली तर ताकदच होईल."

ती कुणाची सख्खी मावशी नव्हे. छापखान्याच्या बांधणी खात्यात एकतीस वर्षं काढलेली बाई. लग्न राहून गेलं, असं ती सांगायची, बसमध्ये छत्री राहून जावी तसं. धाकट्या भावाबरोबर दोन खोल्यांत राहायची. भाऊ आयुष्यभर वजनकाट्यावर कारकून होता आणि अजून दारात आलेल्या माणसाला नमस्कार करायच्या आधी मनातल्या मनात तोलायचा.

मावशी डावरी. लहानपणी त्या हातावर पट्ट्या पडल्या, एकदा तर हात मागं बांधून बसवलं, पण हात काही सुधारला नाही. छापखान्यात मुकादमानं तिला बाकाच्या अगदी टोकाला जागा दिली, कारण मधे बसवलं की तिचं कोपर शेजारणीच्या बरगडीत जायचं. पुस्तक शिवताना कागदाच्या घड्या एकीवर एक रचून पाठीतून दोरा घेतात. उजव्या हाताच्या बायका एका टोकाकडून सुरू करायच्या, त्यांची शेवटची गाठ पुस्तकाच्या डोक्याशी यायची. मावशी उलटीकडून शिवायची, तिची गाठ यायची पायाशी. मुकादम म्हणायचा, "हिच्या पुस्तकावर सही नको. नुसती पाठ उघडली की ही सापडते." पण पाठ कोण उघडतंय? एकदा पट्टी, पुठ्ठा आणि कापड चढलं की आतला दोरा पुस्तक फाटेपर्यंत कुणी बघत नाही.

नोकरी संपली आणि केंद्रानं वर्ग दिला, त्याला नऊ वर्षं झाली होती. पहिल्याच वर्षी एक गोष्ट घडली. वर्षाअखेरच्या प्रदर्शनात एका म्हाताऱ्या शिंप्यानं स्वतःच्या मापांच्या वह्या बांधून ठेवल्या होत्या. कुणीतरी पुस्तक उचललं, आणि घड्या सटासट खाली. चाळीस वर्षांची गिऱ्हाइकं फरशीवर पसरली. लोक हसले, म्हणजे वाईट नाही, असेच हसले. शिंप्यानं गुडघ्यावर बसून पानं गोळा केली आणि तो परत केंद्राची पायरी चढला नाही. रस्त्यात भेटला तरी मावशीला बघून पलीकडं व्हायचा.

ते मावशीच्या जिवाला लागलं. पुढच्या वर्षीपासून तिनं नियम केला: शिवून झालेलं पुस्तक आठवडाभर शिकंज्यात दाबून ठेवायचं. शिकंजा म्हणजे दोन जाड फळ्या आणि मधे लोखंडी स्क्रू. वजन इतकं, की केंद्राच्या जिन्यावरून वर चढेना. म्हणून तो मावशीच्या घरी. म्हणून सगळ्यांची पुस्तकं पिशवीतून मावशीच्या घरी. आणि घरी आणली की मावशी टेबलाशी बसायची, पात्यानं दोरा कापायची, एकेक पुस्तक उसवायची आणि पहिल्यापासून शिवायची. मग पाठीला सरस, त्यावर मलमलची पट्टी, आणि शिकंजा. पुढच्या गुरुवारी लोक आपापलं पुस्तक हातात घेऊन वाकवून बघायचे, खूश व्हायचे आणि वरून पुठ्ठा नि कापड चढवायचे.

"अगं ताई," भाऊ म्हणायचा, "तू त्यांना शिकवतेस का त्यांच्याकडं कामाला आहेस?"

"तुला काय करायचंय. तू वर्तमानपत्र वाच."

"वाचतोच आहे. पण हे बरं नाही. पोराचा अभ्यास आईनं केला तर पोरगं पास होतं, शहाणं होत नाही."

"मोठी माणसं आहेत रे ती. पडली की उठत नाहीत."

यावर भाऊ पान उलटायचा.

कवळीबाई आली चौथ्या वर्षी. दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवायचं काम पंचवीस वर्षं केलेली, म्हणून नाव कवळी, आणि ते तिनंच पाडून घेतलेलं. बोलकी, हजरजबाबी, बोटं बारीक नि स्वच्छ. मावशीला वाटलं, ही शिकेल. आणि हात खरोखर चांगला होता तिचा, कापड असं चढवायची की कोपऱ्याला सुरकुती नाही. पण दोरा ढिला. मेणावर काम केलेल्या बोटांना ओढ घ्यायची भीती वाटायची, वस्तू मोडेल की काय. एवढी एक गोष्ट कुणीतरी तिला स्पष्ट सांगायला हवी होती. मावशी दरवेळी म्हणाली, "छान झालंय," आणि घरी नेऊन उसवलं.

दोघींचं जमलं. वर्ग सुटला की दोघी जिन्यात बसून मावशीच्या थर्मासच्या एकाच झाकणातून चहा प्यायच्या. कवळी एकदा म्हणाली, "मावशी, मी हजारो माणसांची तोंडं भरली. एकाला तरी माझं नाव माहिती असेल का? दुसऱ्याच्या तोंडात गेलं की संपलं. आता यंत्रं आली, मलाच काढून टाकलं. हे पुस्तक बघा, हे कसं, माझं म्हणून राहतं."

मावशीनं चहाचा घोट घेतला. त्या पुस्तकात कवळीचं काय होतं? वरचं कापड.

याच जिन्यात एका गुरुवारी मावशीनं तिला सांगितलं, की उजवा हात थरथरायला लागलाय. भावालासुद्धा सांगितलं नव्हतं. "डावा ठीक आहे गं, काम त्याचंच आहे. पण कप धरला की हलतो मेला." कवळीनं तो हात आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवला. "कुणाला बोलणार नाही मी," म्हणाली. मावशीनं न मागता म्हणाली.

तीन आठवड्यांनी नव्या सत्राचं वेळापत्रक फळ्यावर लागलं. मावशी चष्मा लावून वाचत होती. श्वास, गुरुवार. इतिहास, गुरुवार. चित्रकला, शनिवार. पुस्तकबांधणी, गुरुवार, आणि पुढं शिकवणारीचं नाव. ते कवळीचं होतं. मावशीला वाटलं ओळ चुकली. बोट लावून परत वाचलं. बोट उजव्या हाताचं होतं, ते फळ्यावर टकटक वाजायला लागलं, तेव्हा तिनं हात खाली घेतला.

केंद्राचा मॅनेजर तिला आत आलेली बघून कपाटात काहीतरी शोधायला लागला. शोधण्यासारखं काही नव्हतं.

"मावशी, मला वाटलं तुम्हाला माहिती आहे. तुमच्यातच ठरलं असेल म्हणून..."

"कुणाच्यात?"

"पत्र आलं ना वर्गाचं. सातही जणांच्या सह्या आहेत."

त्यानं कागद दिला. अक्षर कवळीचं, गोल, एकेक अक्षर दातासारखं ओळीत बसवलेलं. मावशींनी खूप दिलं, आम्ही ऋणी आहोत. परंतु वयोमानानुसार त्यांचे हात थरथरतात, पाती-दाभण यांचं काम आहे, त्यांना इजा व्हायला नको. शिवाय वर्ग तेच तेच शिवण्यात अडकला आहे, आता नवीन काही हवं. खाली सह्या. बेकरीवाली. दोघी बहिणी. चष्म्याच्या दुकानवाला. ड्रायव्हर, म्हणजे बसवरचा, ज्यानं बायको गेल्यावर तिची सगळी पत्रं एका लाल पुस्तकात बांधली होती.

"परवा माझ्याबरोबर चहा प्यायली ती," मावशी म्हणाली.

मॅनेजरनं कपाट बंद केलं. "तिनं अकरा पुस्तकं आणून दाखवली समितीला. स्वतःची. समिती थक्क झाली हो. तुमचंच नाव झालं त्यात, नाही का? शिष्या म्हणजे..."

मावशी घरी आली आणि चप्पल न काढता खुर्चीत बसली. भावानं विचारलं, तिनं सांगितलं. हाताचंही सांगितलं. त्यानं वर्तमानपत्राची घडी घातली. मग म्हणाला, "लोक केसानं गळा कापतात. तुझा मेणदोऱ्यानं कापला, आणि दोरासुद्धा तुझाच."

"अकरा पुस्तकं," मावशी म्हणाली. "अकराच्या अकरा मी शिवलीत रे. ह्या टेबलावर."

"मग रडतेस काय? सोमवारी समितीची बैठक आहे ना, जा. पातं घेऊन जा. एका पुस्तकाची पाठ उघड आणि गाठ दाखव. हातच्या काकणाला आरसा कशाला?"

तिला ते पटलं. तीन दिवस तिनं दुसरा विचार केला नाही. गुरुवारची खोली गेली तर आपल्याकडं काय उरतं, हे तिनं मोजून बघितलं होतं: दोन खोल्या, भाऊ आणि एक शिकंजा, ज्यात दाबायला काही नाही.

सोमवारी बैठक त्याच मधल्या खोलीत होती. अध्यक्षबाई, मॅनेजर, कवळी, आणि वर्गातर्फे ड्रायव्हर. टेबलावर अकरा पुस्तकं एकावर एक. पलीकडं श्वासाचा जादा वर्ग चालू होता. मावशी आली तशी कवळी उठून उभी राहिली, खुर्ची ओढून दिली.

"मावशी, मी येणारच होते तुमच्याकडं. बोलायचं म्हणजे कसं बोलायचं, तेच कळेना."

"लिहिता बरं आलं."

"तुमच्या काळजीनं केलं सगळ्यांनी."

"हात माझा, काळजी तुझी, आणि खोली?"

कवळी लाल झाली. अध्यक्षबाईंनी घसा खाकरला. मावशीचं योगदान केंद्र कधीही विसरणार नाही, वगैरे सुरू झालं. मावशीनं पिशवीतून पातं काढलं तसं ते थांबलं. मॅनेजरची खुर्ची किंचित मागं सरकली.

"घाबरू नका," मावशी म्हणाली. "एका पुस्तकाची पाठ उघडून दाखवायची आहे. कसं शिवलंय ते बघा, मग काय ते ठरवा."

वाटलं होतं, कवळी अडवेल. निदान चेहरा उतरेल. पण तिनं वरचं निळं पुस्तक उचलून स्वतःच पुढं केलं.

"उघडा, मावशी. बिनधास्त उघडा. बघू दे ना आतून पण."

मावशीनं डाव्या हातात पातं धरलं, पाठीच्या कडेनं एक रेघ ओढली, कापड सोललं, मलमलची पट्टी सोलली. आतून पाठ निघाली, टाक्यांना टाके लागून, माशाच्या काट्यासारखी. पायाशी गाठ.

"ही बघा," ती म्हणाली.

सगळे वाकले. अध्यक्षबाईंनी चष्मा खाली-वर केला. मॅनेजर म्हणाला, "घट्ट आहे हो." भिंतीपलीकडून आवाज आला, "धरा... सोडा."

मावशीनं फक्त कवळीकडं बघितलं. ह्या खोलीत ते वाचू शकेल असं एकच माणूस होतं. कवळीची नजर डोक्यापासून पायापर्यंत गेली, गाठीवरून गेली, आणि पुढं निघून गेली.

"बघितलंत?" ती अध्यक्षबाईंना म्हणाली. "एक टाका ढिला नाही."

नाटक नव्हतं ते. मावशीला ते लगेच कळलं, आणि पत्र वाचताना बसला नव्हता एवढा धक्का तिथं बसला. ह्या बाईला खरंच दिसत नव्हतं. आपली शिलाई आणि दुसऱ्याची शिलाई वेगळी असते हे तिला कळायला तिची स्वतःची शिलाई कधी तिच्या हातात परत गेलीच नव्हती.

"ही शिलाई माझी आहे," मावशी म्हणाली. "अकराही पुस्तकांची. शिकंज्यासाठी म्हणून घरी न्यायची, तेव्हा उसवायची आणि परत शिवायची."

"म्हणजे कुणाकुणाची?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

मावशी "सगळ्यांची" म्हणणार, तेवढ्यात ड्रायव्हरनं मान वर केली. इतका वेळ तो टेबलाच्या कडेकडं बघत बसला होता. "माझं पण?" त्यानं विचारलं. हळूच. "ते लाल?"

ते लाल पुस्तक तो उशाशी ठेवायचा. भेटेल त्याला सांगायचा, एकेक टाका मी घातला, पत्रं भिजू नयेत म्हणून तोंड बाजूला करून घातला. त्यानं घातलेले टाके मावशीला आठवत होते. कागद फाडून बाहेर आले होते. पत्रातल्या अक्षरांना भोकं पडू नयेत म्हणून तिला ते उसवायला अख्खी दुपार लागली होती. आणि त्याचीही सही होती कागदावर, पाचवी.

"तुमचं नाही," मावशी म्हणाली. "तुमचं तुम्हीच शिवलंय."

त्यानं श्वास सोडला, पलीकडच्या वर्गाच्या तालात. मग त्यानं परत मावशीकडं बघितलं नाही.

"म्हणजे काहींची केलीत, काहींची नाही?" मॅनेजर म्हणाला. "मावशी, हे जरा..."

"मावशी," कवळीचा आवाज फुटला होता, "वर्ग हवा होता तर मागायचा होता. मी दिला असता. पण माझ्या हातावर असं? सहा वर्षं छान छान म्हणालात, आणि आज चार लोकांत ते माझं नाहीच?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते खरं होतं.

अध्यक्षबाई म्हणाल्या, "राहू द्या आता. वय झालं की माणूस हळवं होतं."

मावशीनं पातं कागदात गुंडाळलं. निळं पुस्तक टेबलावर सोललेलं पडलं होतं. आता हे कोण नीट करणार, असं मॅनेजरनं विचारलं, तेव्हा कवळी नाक पुसत म्हणाली, "मी घरी नेते. घरी करते."

घरी भावानं तिच्या चेहऱ्याकडं एकदा बघितलं. संध्याकाळी म्हणाला, "त्या ड्रायव्हरपायी घालवलंस ना?" तिनं कुठून कळलं म्हणून विचारलं नाही. ते लाल पुस्तक उसवताना अख्खी दुपार तो समोरच बसला होता, आणि चाळीस वर्षं तो तोलतच आला होता.

महिना गेला. गुरुवारी दुपारी मावशी कपाट आवरायची, आवरलेलंच परत आवरायची. आणि पाचव्या गुरुवारी दार वाजलं. कवळी. धापा टाकत, दोन्ही हातांत पिशव्या.

"मावशी, आठ पुस्तकं आहेत, सगळ्यांची आणि एक माझं. शिवून झालीत. नेहमीप्रमाणे आठवडाभर दाबून द्याल ना? केंद्रात शिकंजा नाही, तुम्हाला माहितीच आहे." मग जमिनीकडं बघत म्हणाली, "राग धरू नका. माझी मुलंबाळं शिकताहेत." मुलंबाळं म्हणजे बेकरीवाली नि मंडळी.

भाऊ आतून खाकरला. ते खाकरणं म्हणजे, दार लाव.

मावशीनं पिशव्या घेतल्या.

टेबलावर तिनं आठही पुस्तकं मांडली. दोरे लोंबत होते. घड्या एकमेकींवरून सरकत होत्या, म्हाताऱ्याच्या हिरडीवर कवळी सरकावी तशा. सगळ्या गाठी डोक्याशी होत्या, उजव्या हाताच्या, आणि एकही बसलेली नव्हती. भाऊ वर्तमानपत्राआडून बघत होता. मावशीचा डावा हात सवयीनं पात्याकडं गेला. तिथं थोडा वेळ थांबला.

मग तिनं पुस्तकं होती तशी उचलली, शिकंज्यात ठेवली आणि स्क्रू आवळला. सुईचा डबा उघडलाच नाही.

"बरं वाटलं?" भावानं विचारलं.

"नाही," मावशी म्हणाली.

आठवड्यानं कवळी आली. मावशीनं उंबऱ्यातच पुस्तकं तिच्या हातात दिली. पहिलं पुस्तक हातात तिरकं झालं. दुसऱ्यातून एक घडी निसटून पायावर पडली. कवळीनं तिसरं बघितलं, चौथं बघितलं, मग स्वतःचं.

"हे असं कसं झालं, मावशी?"

"जशी दिलीस तशी आहेत."

"पण आजपर्यंत कधी..." ती थांबली. मग खांद्यावरच्या पिशवीतून तिनं ते निळं पुस्तक काढलं. अजून सोललेलंच होतं, महिनाभर तिला ते जमलं नव्हतं. एका हातात निळं, एका हातात स्वतःचं नवीन. एकाची पाठ, दुसऱ्याची पाठ. तिची बोटं निळ्यावरून हळूहळू खाली उतरत गेली, जबड्याचं माप घ्यावं तशी, आणि पायाशी येऊन थांबली.

"ही गाठ इथं का आहे?" तिनं विचारलं. "मी तर नेहमी वर घालते."

 खाली पडलेली घडी मावशीनं वाकून उचलली, डाव्या हातानं, आणि कवळीच्या पुस्तकांवर ठेवली. मग त्याच हातानं दार ओढून घेतलं.

आत भावानं दोन कप चहा ओतला होता. मावशीनं आपला कप उचलला, तो हलला, थोडा चहा बशीत सांडला. भाऊ दाराकडं कान देऊन होता. उंबऱ्यापासून पावलं दूर जात नव्हती.

"उभी आहे अजून," तो म्हणाला. "घेऊ का आत?"

"तुला चहा प्यायचा आहे ना," मावशी म्हणाली, "मग पी."